पंचांग बघून फोटो : सीएसएमटी ते वेळास, एकटीने, सात दिवस

काठपदर

फाल्गुनात सात दिवस एकटीच फिरून आले. डोंबिवलीहून स्कूटर, पाठीवर कॅमेरा आणि दोन लेन्स (२४-१०५ आणि १००-४००), डिकीत कपडे. घरी "मुरुडला जातेय" एवढंच सांगितलं होतं. त्यापुढच्या वेळासचं, कासवांच्या गावाचं, तिथे पोचल्यावर सांगितलं. बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आधी गेल्या वर्षीची फजिती सांगते, म्हणजे या वेळचा खटाटोप कळेल. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला बोटीचं बुकिंग केलं, तर वेळ मिळाली भर दुपारची. डोक्यावर ऊन, खाली चिखलाची चमक. गुलाबी पक्षी फोटोत धुतलेल्या बनियनसारखे पांढरट आले. मग आठवड्याने सूर्यास्तासाठी मुरुड गाठलं, तर पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. पुळणच नाही! दोन्हीकडे मी खापर नशिबावर फोडलं.

दुसऱ्या दिवशी मुरुडजवळच्या राजपुरीला एका तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) माझी रडकथा ऐकली आणि विचारलं, "तिथी कुठली होती काल?" मला कुठली माहीत असायला. तो हसला आणि त्याने हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. मी मुरुडला अष्टमीला गेले होते. खाडीत जाताना पौर्णिमा होती. बोटीला पाणी लागतं, पाणी दुपारी, म्हणून बोट दुपारी. इतकं साधं.

या वेळी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर घेऊन बसले. खाडीसाठी दशमी हवी (साडेसातला भरती, म्हणजे सकाळच्या उन्हात बोट) आणि किनाऱ्यासाठी पौर्णिमा (संध्याकाळी ओहोटी, रुंद ओली पुळण). दशमी ते पौर्णिमा, बरोब्बर पाच-सहा दिवस. मुंबईतून निघून दक्षिणेला सरकत जायचं. रजेच्या अर्जावर कारण काय लिहावं कळेना. 'कौटुंबिक' लिहिलं.

नवमीची संध्याकाळ सीएसएमटीला. १८८८ साली पूर्ण झालेली इमारत, २००४ पासून जागतिक वारसा, सगळ्यांनी काढलेला फोटो. मीही काढला. पण खरी मजा आली ती समोरच्या बाजूला, १८९३ च्या महापालिका इमारतीच्या पायथ्याशी. दोन्ही इमारतींचा वास्तुरचनाकार एकच, स्टीव्हन्ससाहेब. सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं आकाश गडद निळं होतं, इमारतीवरचे दिवे लागलेले असतात आणि दोन्हीचा उजेड जमतो. त्याआधी दिवे फिके पडतात, त्यानंतर आकाश काळं ठिक्कर. एका सुरक्षारक्षकाने ट्रायपॉड बंद करायला लावला. मग कॅमेरा रेलिंगवर रुमालाची घडी करून टेकवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि अर्ध्या सेकंदाला फोटो घेतले. घुमट सुईसारखा स्पष्ट, खाली स्टेशनकडे धावणारी माणसं धुरासारखी. रोज त्याच धुरात मी पण असते, ८.१७ ची लोकल पकडून.

दशमीला ऐरोली. बोट सुटली तेव्हा पाणी चढत होतं. चिखल झाकला जाईल तसे पक्षी काठाकडे सरकत येतात. ऊन तिरपं. गुलाबी रंग असा आला की घरी आल्यावर सॅच्युरेशन कमी करावं लागलं.

एकादशीला स्कूटर भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीत घातली, तासाभरात मांडवा. अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद. फणसाड अभयारण्यात शेकरू दिसलं. फोटो आला तो शेपटीचा. पुढे.

मुरुडला दोन रात्री काढल्या. जंजिऱ्याचे फोटो लोक बोटीतून काढतात. मला राजपुरीच्या चढावरून पहाटे काढलेला जास्त आवडला : बावीस एकराचा किल्ला, पण पाण्यावर एखादी होडी उलटी ठेवावी तसा. दरवाजा कुठे आहे ते बोट अगदी तटाखाली जाईपर्यंत कळत नाही. शिडाच्या होडीत मी मुद्दाम पुढच्या टोकाला बसले. चाळीस फुटी तट अंगावर येत जातो, आणि शेवटच्या क्षणी दोन बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा उघडतो. कॅमेऱ्याने ते होत नाही हो. सतरा फोटो काढले, सतराही पुसले.

राजपुरीतच बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. मागे मावळतीचं ऊन, बोंबील काचेसारखे आरपार दिसत होते, आतला काटासुद्धा. मी वाकून फोटो काढतेय तोवर मागून आवाज, "बोंबलांचा काढतेस, माजा नको काय?" म्हटलं, "काढते की मावशी." त्यांनी पदर सारखा केला, कपाळावरचं कुंकू बोटाने नीट केलं आणि एकदम शाळेतल्या ग्रूप फोटोसारख्या ताठ झाल्या. फोटो झाल्यावर म्हणाल्या, "सगले काढून नेतात. देत कोन नाय." पत्ता लिहून घेतला.

मग आगरदांडा-दिघी फेरीबोट, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला-वेश्वी पुन्हा फेरीबोट, बाणकोट, वेळास. चतुर्दशीला दुपारी पोचले.

वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायचं काम २००२ पासून चालू आहे. वाळूत कुंपण केलेली जागा, आत घरट्यांवर टोपल्या, प्रत्येकाला तारखेची पाटी. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघतात. पिल्लं वर आली असतील तर दोरीपलीकडे सोडतात. चतुर्दशीला संध्याकाळी एकही नाही. साठ-सत्तर माणसं हिरमुसून परत. पौर्णिमेला सकाळी पावणेसातला पहिली टोपली उचलली, रिकामी. दुसरी, रिकामी. तिसऱ्या टोपलीखाली काहीतरी काळपट वळवळलं. सात पिल्लं.

आता माझ्या हिशेबाची गंमत बघा. पौर्णिमेला पहाटे ओहोटी. पुळण ही रुंद, ओली, आरशासारखी. मला हवी होती तश्शी. आणि तेवढंच त्या पिल्लांना जास्त चालायचं होतं. तळहातावर दोन मावतील एवढा जीव. चार पावलं टाकली की थांबायचं, डोकं वाळूत टेकवायचं, पुन्हा चार. मागे सायकलच्या बारीक टायरसारखी नक्षी. मी पोटावर आडवी झाले, कोपर ओल्या वाळूत, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२००. व्ह्यूफाइंडरमध्ये एक पिल्लू, मागे आभाळ वाळूत उतरलेलं. वर एक घार फिरायला लागली. कार्यकर्ता हात हलवत तिला हाकलत पिल्लाच्या बरोबरीने चालत होता, तो फ्रेममध्ये येत होता. क्षणभर मनात आलं की हा बाजूला झाला तर बरं.

लाज वाटली. तो फोटो मी त्याच्यासकट ठेवलाय.

टेलिलेन्स_तात्या

मस्त! वाचनखूण साठवली. पण फोटो कुठायत? दोन-चार तरी टाका. आणि आयएसओ ३२०० ला नॉइज, म्हणजे दाणे, किती आले? सकाळी सातला १/२५० पेक्षा खाली जाऊन १/१०० ला चाललं असतं की, पिल्लू काही धावत नव्हतं.

काठपदर

तात्या, पिल्लू धावत नाही पण वल्ही मारल्यासारखे पुढचे पाय झटकतं. १/१०० ला शरीर स्थिर आणि पाय पुसट येतात. काढून बघितले. शिवाय थंडगार वाळूवर माझीच कोपरं थरथरत होती. फोटो रविवारी टाकते, आधी रिसाइज करावे लागतील.

खाजणकर

लेख आवडला. मी दापोली तालुक्यातला, समुद्र घरामागे. दोन दुरुस्त्या करतो, राग नसावा.

पहिली : पाऊणपटीचा हिशेब उघड्या किनाऱ्याचा. खाडीच्या आत भरती उशिरा पोचते. ऐरोली-ठाण्याकडे जाल तसा उशीर वाढतो. तुमची बोट साडेसातला पूर्ण पाणी धरून सुटली असेल तर ते अजून चढतच असणार, म्हणून तुम्हाला पक्षी काठाकडे सरकताना मिळाले. हिशेब चुकला आणि फायदा झाला.

दुसरी जरा महत्त्वाची. आरशासारखी पुळण संध्याकाळी हवी असेल तर पौर्णिमा नव्हे, वद्य द्वितीया-तृतीया धरा. पौर्णिमेला ओहोटी साडेपाच-सहाला लागून जाते, मार्चमध्ये सूर्य बुडतो पावणेसातला. तोवर पाणी परत फिरलेलं असतं आणि वरची वाळू वाळलेली. द्वितीयेला भरती दीड-दोनला, तृतीयेला सव्वादोन-तीनला. सूर्य बुडताना पाणी उतरत असतं आणि प्रत्येक लाट मागे ओलावा ठेवून जाते. आरसा हा उतरत्या पाण्याचा, चढत्याचा नाही. शिवाय उधाण पौर्णिमेच्या दोन दिवस नंतरच जोर धरतं, त्यामुळे पाणी आतही खूप जातं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, फरकच कमी असतो. तेव्हा आरशाची आशा सोडा.

काठपदर

खाजणकर, पाय कुठे आहेत तुमचे! चतुर्दशीचा संध्याकाळचा फोटो मला मॅट का आला ते आत्ता कळलं. मी तो पोलरायझरचा दोष समजत होते आणि फिल्टर बदलायला निघाले होते. तुम्ही पैसे वाचवलेत.

निवांत_पाटी

फक्त एक शंका. एकट्या बाईने स्कूटरवर इतकं फिरणं, राहायचं काय, रात्री काय? मुलगी मागे लागलीय असं काहीतरी करायला, वय २३. मी तिची आई, त्यामुळे शंका एक नसून बऱ्याच आहेत.

काठपदर

विचारा, माझ्या आईनेही विचारल्या. वेळासला घरगुती राहायची सोय आहे. दोन्ही वेळा त्यांच्याच ओसरीवर जेवण, आंबोळ्या, सोलकढी. रात्री मी कुठेच फिरले नाही. सूर्यास्ताचा फोटो झाला की अंधार पडायच्या आत स्कूटर घरासमोर. निळ्या प्रकाशासाठी थांबायचं तर राहायची जागा किनाऱ्यापासून चालत हवी, ही माझी अट होती. एकटीला त्रास झाला तो वेगळाच : कॅमेऱ्याची बॅग घेऊन स्वच्छतागृहात जावं लागतं. फेरीबोटीच्या धक्क्यावर एका शेंगदाणेवालीकडे बॅग ठेवून गेले आणि परत येईपर्यंत जीव टांगणीला. तिने बॅगेवर टोपली ठेवून दिली होती, कोणाला दिसू नये म्हणून.

आणि एकटं असण्याचा फायदा म्हणजे कोणी "झालं का तुझं?" म्हणत नाही. बोंबलांसमोर मी पन्नास मिनिटं होते.

रानवाटेकर

फ्लेमिंगोंबद्दल थोडं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं आणि २०२२ मध्ये ती रामसर क्षेत्रांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. तिथे दोन्ही जाती येतात, मोठा रोहित आणि छोटा रोहित. काठपदर यांना गडद गुलाबी दिसले ते बहुतेक छोटे. चोच बघा : छोट्याची गडद किरमिजी, मोठ्याची गुलाबी आणि टोक काळं. रंग खाण्यातून येतो, शेवाळातली रंगद्रव्यं पिसांत उतरतात. पिल्लं राखाडी असतात, तेव्हा फिके दिसले म्हणून दर वेळी दुपारच्या उन्हाला दोष देऊ नका.

एक तक्रार आहे. उडत्या थव्याचे जे फोटो सगळीकडे फिरतात, त्यातले कित्येक थवे उडवलेले असतात. काठावरून टाळ्या, शिट्ट्या, एकदा तर माझ्यासमोर एकाने दगड भिरकावला. पक्षी खात असतात. खाऊ दिलं नाही तर पुढच्या प्रवासाची चरबी साठणार कशी? उड्डाण हवं असेल तर भरती पूर्ण होईपर्यंत थांबा. चिखल झाकला गेला की ते आपसूक उठून दुसरीकडे जातात. १/१६०० च्या वर शटर, बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो), आणि तोंड गप्प.

टेलिलेन्स_तात्या

रानवाटेकरांशी सहमत, पण एक बाजू फोटोवाल्यांचीही. फोटो बघून लोक यायला लागले, म्हणून खाडीकडे लक्ष गेलं. वेळासलाही तेच. लोकांनी फोटो पाहिले नसते तर तिथल्या कासव महोत्सवाला गर्दी झाली असती का? गावाला चार पैसे मिळाले असते का?

खाजणकर

तात्या, गर्दी यावी म्हणून घरटी जपली नाहीत. आधी जपली, मग गर्दी आली. क्रम उलटा करू नका. पूर्वी अंडी खाल्ली जायची, विकली जायची. तीच माणसं पुढे राखणीला उभी राहिली, हे मोठं काम आहे. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी, पंचेचाळीस ते साठ दिवस वाट. वाळू किती तापते त्यावर नर की मादी ठरतं. कुंपणाच्या आत जागा कुठे, किती खोल, हे सगळं मोजून करावं लागतं.

फोटोवाल्यांमुळे होणारा त्रास सांगतो. पिल्लं उजेडाकडे वळतात. समुद्राचं क्षितिज उजळ असतं, त्या अंदाजाने ती चालतात. तुम्ही मोबाइलचा टॉर्च लावला की पिल्लू तुमच्याकडे. मी स्वतः पिल्लं मागे वळलेली पाहिली आहेत, कारण एका काकांना व्हिडिओ करायचा होता. फ्लॅश तर नकोच. ऑटोफोकसचा तो लाल-नारिंगी दिवा असतो ना, अंधारात आपोआप पेटणारा, तोही मेनूतून बंद करा. निम्म्या लोकांना आपल्या कॅमेऱ्याला तो आहे हेच माहीत नसतं.

काठपदर

त्या निम्म्यांत मी होते. माझा पेटला होता. दोरीजवळच्या मुलाने येऊन शांतपणे विचारलं, "ताई, ते लाल काय आहे?" पाच मिनिटं मेनू धुंडाळला, सापडेना. शेवटी बोटाने झाकला. घरी आल्यावर सापडला.

मस्कतची_माई

आमच्याकडे ओमानला रास अल जिन्झला हिरवी समुद्री कासवं येतात. रात्रीच्या फेरीत कॅमेरा काढूच देत नाहीत, पहाटेच्या फेरीत चालतो. पहिल्यांदा मी चिडले होते. इतक्या लांब गाडी हाकत गेलो आणि कॅमेरा पिशवीत! मग अंधारात ती मादी वाळू उडवत होती, आमच्या चपलांवर वाळू पडत होती, श्वास ऐकू येत होता. एकाच्याही हातात काही नव्हतं म्हणून सगळे गप्प. वेळासला संध्याकाळी असं केलं तर? सकाळी फोटो, संध्याकाळी नुसतं बघणं.

रानवाटेकर

+१. पण आपल्याकडे कॅमेरा बंद केला तरी मोबाइल कोण बंद करणार, माई?

तेवढ्यावरून आठवलं. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीला उपग्रह टॅग लावला, तिचं नाव 'प्रथमा'. ओडिशात २०२१ ला वल्ह्यासारख्या पायाला टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातली बाई अरबी समुद्रात बाळंतपणाला! रात्री किनाऱ्यावर टॅग दिसला, तो टिपला गेला म्हणून हे कळलं. तेव्हा कॅमेरा अगदीच वाईट नाही. कशासाठी काढतोय तेवढं कळावं.

शेवटचा_डबा

मला तांत्रिक विचारायचंय. खाऱ्या वाऱ्यात कॅमेरा सांभाळायचा कसा? माझी एक लेन्स दोन पावसाळ्यांत बुरशीने गेली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं.

काठपदर

मी कोण सांगणार, हरिहरेश्वरला खडकावर एका लाटेने मला कॅमेऱ्यासकट न्हाऊ घातलं. पहिली चूक : लगेच चालू करून बघितला. दुसरी चूक : तांदळाच्या डब्यात ठेवला. घरमालकीण म्हणाली, "मोबाइलला करतात ना?" रात्रभर ठेवला. पाणी किती सुकलं देव जाणे, पण तांदळाचा भुगा झूमच्या रिंगमध्ये गेला तो अजून करकरतो. १००-४०० आता दुरुस्तीला आहे.

टेलिलेन्स_तात्या

तांदूळ भातासाठी ठेवा हो! खारं पाणी उडालं तर आधी बंद, बॅटरी आणि कार्ड बाहेर. गोड्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि बाहेरून हलक्या हाताने पुसायचं. मीठ तसंच सुकू दिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि धातू खातं. मग कोरड्या फडक्याने, मग पंख्याखाली. लेन्स बदलायची असेल तर किनाऱ्यावर नाही, खोलीत.

बुरशीसाठी : चामड्याच्या केसमध्ये लेन्स कधीच ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला की झालं. जेल रंग बदललं की तापवून परत वापरता येतं. आणि लेन्स वापरा. कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी आधी धरते.

निवांत_पाटी

मुलीने धागा वाचला. तिचं ठरलंय, चैत्र शुद्ध दशमीला निघणार. मी दिवेआगरपर्यंत सोबत येणार असं मी ठरवलंय, तिने नाही. स्कूटर फेरीबोटीत चढवताना काही विशेष? आणि राजपुरीच्या त्या मावशींना फोटो पोचला का?

काठपदर

पोचला, आठ बाय बाराचा, बोंबलांसकट. त्यांच्या नातवाने फोन लावून दिला. पहिलं वाक्य, "बोंबील बरे आलेत, माजे डोले मिटलेत." खरंच मिटलेत. मी बोंबलांवर फोकस केला होता.

स्कूटर चढवताना बोटीचा उतार ओला असतो. समोरचा ब्रेक दाबू नका, पाय खाली ठेवून सावकाश चढा. माणसं मदत करतात. पेट्रोल मुरुडलाच भरून घ्या. मुलीला म्हणावं, राजपुरीला गेलीस तर बोंबलांच्या मांडवापाशी थांब. दुसरा फोटो, डोळे उघडे असलेला, मी धुवून ठेवलाय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिच्याच हाती देते.